काढ्याला श्रेय, अँटिबायोटिकला दोष: चीनमधल्या एका अपेंडिक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण २६ वर्षांचा, मूळचा सातारा जिल्ह्यातला, चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या एका औद्योगिक शहरात नोकरीला. इथे त्याला सुमेध म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्याची परवानगी आहे. त्याचे वडील माझे जुने मित्र, मी पुण्यात सर्जन, म्हणून अडचणीच्या वेळी फोन माझ्याकडे आला. पुढची हकीकत त्याने पाठवलेले रिपोर्ट, वॉर्डातल्या तक्त्यांचे फोटो आणि आमचं फोनवरचं बोलणं यांच्या आधारे लिहिली आहे.

रात्री जेवणानंतर त्याच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. काहीतरी बाधलं असेल म्हणून तो तसाच झोपला. पहाटे एक उलटी झाली. सकाळी दुखणं पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सरकलं आणि चहाचा वासही नको झाला. आईने गावाहून फोनवर विचारलं, "तिकडे एरंडेल मिळतं का रे?" घरमालकीणबाई त्याला गल्लीतल्या चिनी औषधांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथल्या वयस्कर वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग पोट दाबलं. उजवीकडे हात लागताच सुमेध कळवळला. वैद्यांनी पुडी बांधली नाही. "आधी हॉस्पिटल," एवढंच त्यांनी घरमालकीणबाईंना सांगितलं. या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय माझ्या मते हाच, आणि तो पारंपरिक औषधं देणाऱ्या माणसाने घेतला.

अडचण

हॉस्पिटलमध्ये ताप ३७.८ अंश सेल्सिअस, पांढऱ्या पेशी १३,६००, त्यांत जिवाणूंच्या संसर्गात वाढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ८४ टक्के. दाबल्यावर दुखत होतं, पण हात झटकन उचलल्यावर कळ वाढत नव्हती. लक्षणं आणि रक्ततपासणीवरून अपेंडिक्स सुजल्याची शक्यता मोजणाऱ्या अल्व्हाराडो गुणांकनात १० पैकी ९. सीटी स्कॅनमध्ये अपेंडिक्स १० मिलिमीटर जाड, भोवतालच्या चरबीत थोडी सूज. गळू नाही, फुटल्याची खूण नाही, आणि अपेंडिक्सच्या नळीत खडा नाही. म्हणजे निदानाबद्दल शंका फारशी नव्हती आणि आजार गुंतागुंतीच्या टप्प्यावर पोचलेला नव्हता.

चीनमधल्या अनेक हॉस्पिटलांत आधुनिक आणि पारंपरिक वैद्यक एकाच छताखाली चालतं, तसंच हेही होतं. डॉक्टरांनी तीन गोष्टी पुढे ठेवल्या: त्याच दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन, नुसती अँटिबायोटिकं, किंवा अँटिबायोटिकं आणि जोडीला काढा. तिसरा पर्याय त्यांनी इतक्या सहज सांगितला की सुमेध गोंधळला.

"काका, ही लोकं काढा देतायत. आमचा मॅनेजर म्हणतो हजारो वर्षांचं औषध आहे, ऑपरेशनची गरजच पडणार नाही. घेऊ का?"

मी विचारलं, "तुला तोंडाने काही घ्यायची परवानगी आहे का आत्ता?"

"पाणीसुद्धा नाही म्हणालेत."

"मग काढ्याचा निर्णय आज घ्यायचाच नाहीये. आज ठरवायचंय ते ऑपरेशन की अँटिबायोटिक."

दोन प्रश्न वेगळे केल्यावर त्याचा आवाज जरा सावरला. एक प्रश्न तातडीचा होता आणि त्यावर चांगला अभ्यास झालेला होता. दुसरा एक दिवस थांबू शकत होता आणि त्यावरचा पुरावा फार पातळ होता. फॉर्मवर मात्र दोन्ही एका ओळीत आले होते.

पहिला निर्णय: ऑपरेशन की अँटिबायोटिक

इथे आकडे हाताशी होते. फिनलंडमधल्या ५३० रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचं ऑपरेशन वर्षभरात करावं लागलं. पाच वर्षांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं. अमेरिकेतली २०२० सालची चाचणी मोठी होती, १,५५२ रुग्णांची, आणि तिच्यात नळीत खडा असलेले रुग्णही घेतले होते. तिथे ९० दिवसांतच २९ टक्क्यांना ऑपरेशन लागलं. खडा असलेल्यांत ४१ टक्के, नसलेल्यांत २५ टक्के. सीटीत खडा नाही ही बाब सुमेधसाठी एवढी महत्त्वाची होती ती यामुळेच.

मी त्याला सांगितलं की ऑपरेशन केलंस तर विषय संपतो. अँटिबायोटिक घेतलंस तर बहुधा घरी जाशील, पण वर्षभरात चारांतल्या एकाला पुन्हा यावं लागतं, आणि ते 'पुन्हा' कुठे गाठेल हे सांगता येत नाही. परक्या शहरात एकटा असलेला, भाषा जेमतेम येणारा मुलगा. त्याने अँटिबायोटिक निवडलं. ऑपरेशन करायचंच झालं तर घरची माणसं जवळ असताना करू, हे त्याचं म्हणणं मला पटलं. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही मार्ग मोकळे असताना अशा कारणांना वजन द्यायलाच हवं.

दुसरा निर्णय: काढा

काढ्याचं नाव दाहुआंग मुदान तांग. दुसऱ्या शतकाच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या 'जिन गुई याओ ल्यूए' या ग्रंथात तो येतो. घटक पाच: दाहुआंग म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी, मुदान या फुलझाडाच्या मुळाची साल, पीच फळाच्या बियांतला गर, कोहळ्याच्या बिया आणि सोडियम सल्फेटचा खनिज क्षार. रेवंदचिनीत सोनामुखीतलीच सेनोसाइड ही रेचक द्रव्यं असतात, आणि सोडियम सल्फेट आतड्यात पाणी ओढून घेतं. थोडक्यात, हा जोरकस जुलाबाचा काढा आहे. मूळ कृतीत तो एका दमात पिऊन टाकायला सांगितलाय.

आणि इथेच माझी भुवई वर गेली. अपेंडिक्सच्या संशयात रेचक द्यायचं नाही, हे आम्ही विद्यार्थीदशेपासून ऐकत आलो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पोटदुखीत जुलाबाचं औषध देऊ नका अशी मोहीमच चालवली गेली, कारण अपेंडिक्स फुटून दगावणाऱ्यांत घरी रेचक घेऊन आलेले बरेच असत. आपल्याकडच्या एरंडेलाची गोष्ट तीच.

पण ग्रंथ उघडला की दिसतं, झांग झोंगजिंगही या बाबतीत बेफिकीर नव्हते. आतड्यातल्या गळवाचं वर्णन करताना ते दोन अवस्था वेगळ्या करतात. नाडी संथ आणि ताणलेली असेल तर पू झालेला नाही, रेचन चालेल. नाडी भरलेली आणि वेगवान असेल तर पू झालाय, रेचन करू नये. त्याच प्रकरणात पू झालेल्यासाठी वेगळी कृती आहे, ज्यात बचनागाच्या जातीची वनस्पती पडते. साध्या आणि गुंतागुंतीच्या अपेंडिसायटिसमधला (अपेंडिक्सच्या सुजेतला) फरक आपण सीटीवर शोधतो, तो ते नाडीवर शोधत होते. साधन अपुरं होतं, प्रश्न मात्र अचूक होता. गल्लीतल्या वैद्यांनी काही न देता हॉस्पिटलात पाठवलं ते याच परंपरेला धरून.

आता पुरावा. चीनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोटाच्या तातडीच्या आजारांवर दोन्ही पद्धती एकत्र वापरण्याचं काम पद्धतशीर झालं. त्यिआनजिनच्या नानकाई हॉस्पिटलचे सर्जन वू शिआनझोंग हे त्यातलं ठळक नाव. ते स्वतः सर्जन होते, त्यामुळे या कामाला अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. शिवाय अपेंडिक्सवर ऑपरेशनच हवं असा आग्रह पाश्चात्त्य देशांत पक्का असताना चीनमध्ये बिनऑपरेशनच्या उपचारांचा अनुभव साठत होता. इंग्लंडमध्ये कोल्ड्री नावाच्या सर्जनने १९५९ मध्ये ४७१ रुग्णांवर अँटिबायोटिकने उपचार करून एकच मृत्यू झाल्याचं नोंदवलं, तरी तिकडे त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

अडचण पुढे आहे. चिनी नियतकालिकांतल्या या काढ्याच्या चाचण्यांचा साचा साधारण असा: एका गटाला अँटिबायोटिक, दुसऱ्याला अँटिबायोटिक आणि काढा. रुग्ण थोडे. कोणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत आणि डॉक्टरलाही. निकाल मोजायचा तो 'एकूण परिणामकारकता' या मापाने: बरे झाले, बरेच सुधारले, थोडे सुधारले, या तिन्ही गटांची बेरीज. काढ्याच्या बाजूला आकडा बहुतेक वेळा मोठाच निघतो. वर्षभराने किती जणांचं ऑपरेशन झालं, हा रुग्णाच्या दृष्टीने कळीचा आकडा अनेकदा नसतोच.

हा माझा पूर्वग्रह समजू नये. १९९८ मध्ये ब्रिटिश संशोधक विकर्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांचे सारांश तपासले. ॲक्युपंक्चर सोडून इतर उपचारांच्या चाचण्यांत चीनमधल्या ९९ टक्के चाचण्या नव्या उपचाराच्या बाजूने निघाल्या होत्या. इंग्लंडमधल्या ७५ टक्के. (७५ हासुद्धा काही सोवळा आकडा नाही.) त्याहून बोलका अभ्यास चिनी संशोधकांनीच केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांनी 'यादृच्छिक' (म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणाऱ्या) म्हणवणाऱ्या २,२३५ चाचण्यांच्या लेखकांना फोन करून विचारलं की रुग्णांची गटवारी नेमकी कशी केली. खरोखर यादृच्छिक पद्धत पाळणाऱ्या निघाल्या २०७. आपल्या घरातला केर असा स्वतः काढायला हिंमत लागते, आणि ती त्यांनी दाखवली.

तरीही समजा सगळ्या चाचण्या प्रामाणिक आहेत. मग एक मूलभूत प्रश्न उरतोच, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो: साधा अपेंडिसायटिस काहीच न करता किती वेळा शमतो?

कोरियातल्या एका चाचणीत, २०१७ सालच्या, २४५ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला अँटिबायोटिक, दुसऱ्याला फक्त विश्रांती, सलाईन आणि देखरेख. उपचार अपयशी ठरले अँटिबायोटिक गटात २३.४ टक्के, देखरेखीच्या गटात २०.७ टक्के. फरक म्हणण्यासारखा नाही. मग फिनलंडच्या गटाने २०२२ मध्ये आणखी कडक चाचणी मांडली: ६६ रुग्ण, खरं अँटिबायोटिक की औषध नसलेलं सलाईन हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवलेलं. दहा दिवसांत यश अँटिबायोटिकने ९७ टक्के, नुसत्या सलाईनने ८७ टक्के. संख्या लहान, त्यामुळे या फरकावर ठाम बोलता येत नाही. पण ८७ हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. सीटीवर साधा अपेंडिसायटिस पक्का झालेले दहांतले जवळजवळ नऊ जण औषधाविना पहिले दहा दिवस निभावून नेतात.

म्हणजे 'अमुक काढ्याने ८५ टक्के रुग्ण बरे झाले' या वाक्याला तुलनेच्या गटाशिवाय काही अर्थ उरत नाही. तो काढा असो, एरंडेल असो, की आमचं अँटिबायोटिक. आषाढात रोज गंडा बांधून पाऊस पडला म्हणण्यातली गत. अँटिबायोटिकवालेही या चिमट्यातून सुटत नाहीत, हे मला मान्य करावं लागतं. फक्त त्यांनी चिमटा स्वतःहून लावून घेतला.

श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण चीनमधलंच आणि अपेंडिक्सचंच आहे. १९७१ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स सुजलं. सुयांनी भूल देऊन त्यांचं ऑपरेशन केलं असं लोक अजून सांगतात. रेस्टन यांनी स्वतः लिहिलं ते वेगळंच: ऑपरेशन नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनवर झालं, सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा.

काढ्यात काहीच दम नाही असंही मी म्हणणार नाही. रेवंदचिनीतलं इमोडिन प्रयोगशाळेत जिवाणूंवर आणि दाहावर परिणाम दाखवतं. पण बशीत दिसलेल्या गुणापासून वर्षभरात टळलेल्या ऑपरेशनपर्यंतचं अंतर फार लांब आहे. म्हणून सुमेधला सांगितलं ते असं: काढा घेतलास तर फायदा होईल असं दाखवणारा विश्वासार्ह पुरावा मला सापडत नाही, तोटा म्हणजे जुलाब, पाणी आणि पोटॅशियम कमी होणं, आणि मुख्य म्हणजे पोटात मुरडा आला की तो काढ्याचा की अपेंडिक्सचा हे कळेनासं होणं. नाही घेतलास तर काही बिघडत नाही. घ्यायचाच असेल तर तोंडाने खाणं सुरू झाल्यावर, ताप उतरल्यावर, आणि डॉक्टरांच्या नजरेसमोर.

प्रत्यक्षात काय घडलं

दुपारी दोनच्या सुमारास शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिकं सुरू झाली. दर काही तासांनी पोट तपासायचं आणि २४ तासांत सुधारणा नसेल तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. ही अट लेखी असावी हा माझा आग्रह होता. तोंडी ठरलेली अट ड्यूटी बदलली की विरघळते.

रात्री दहाच्या नोंदीत ताप ३७.१. दुखणं दहापैकी सातवरून चारवर. पहाटे पांढऱ्या पेशी १०,२००. सकाळी त्याला पातळ पेज दिली.

काढा आला त्यानंतर, सकाळी दहाला. हवाबंद प्लास्टिकच्या पाकिटात, गरम करून दिलेला. मॅनेजर भेटायला आलेला होता, शेजारच्या खाटेवरचे आजोबा उत्साहाने पाहत होते, आणि सुमेधला नाही म्हणवलं नाही. त्याने मला नंतर कळवलं. मी फक्त विचारलं की पाकिटावर काय लिहिलंय त्याचा फोटो आहे का. पाकिटावर त्याचं नाव, खाट क्रमांक आणि तारीख होती, घटक नव्हते.

दुपारपर्यंत पाच जुलाब झाले आणि बेंबीखाली मुरडा आला. सहा वाजता ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला पोट कालच्यापेक्षा जास्त दुखरं वाटलं. ज्याची भीती होती तेच: आजार वाढतोय, की काढा काम करतोय? रक्त पुन्हा तपासलं, सोनोग्राफी पुन्हा केली. अपेंडिक्स होतं तेवढंच, भोवती पाणी नाही. पोटॅशियम ३.२, म्हणजे किंचित कमी. सलाईनमधून पोटॅशियम दिलं. वरिष्ठ डॉक्टरांनी काढ्यातून क्षार काढून टाकला आणि रेवंदचिनी निम्मी केली. पुढच्या दिवसापासून जुलाब दोनवर आले.

पाचव्या दिवशी त्याला घरी सोडलं. सोबत तोंडाने घ्यायची अँटिबायोटिकं आणि आठवडाभराची काढ्याची पाकिटं. अँटिबायोटिकं त्याने पूर्ण केली. पाकिटं दोन दिवसांनी बंद केली, कारण ऑफिसात जुलाब परवडत नव्हते.

परिणाम

मॅनेजरने ऑफिसभर सांगितलं की काढ्याने अपेंडिक्स बरं झालं. सुमेधलाही तसंच वाटू लागलं होतं. मी त्याला त्याच्याच तक्त्याचे फोटो पाठवले: ताप उतरला रात्री दहाला, पेशी कमी झाल्या पहाटे, आणि काढ्याचा पहिला घोट सकाळी दहाला. तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे अँटिबायोटिकने बरं झालं."

तेही मी म्हणणार नव्हतो. अँटिबायोटिक मिळालं नसतं तरी शमलं असतं का, हे एका माणसावरून कधीच कळणार नाही. तक्ता एवढंच सांगतो की उतार काढ्याच्या आधी सुरू झाला होता. काढा अपेंडिक्सवर काही करत असेल तर त्याची खूण या नोंदींत नाही. जुलाबांची आणि पोटॅशियमची मात्र आहे.

आठ महिन्यांनी तो सुट्टीवर पुण्यात आला असताना पुन्हा तेच दुखणं उठलं. या वेळी चर्चा लांबली नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी तो घरी गेला. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये जुन्या दाहाच्या खुणांवर नवा तीव्र दाह, गाठ वगैरे काही नाही.

मग प्रतिक्रिया आल्या. मॅनेजरचा निरोप: पाकिटं पूर्ण केली असतीस तर उलटलं नसतं. आईचं मत: त्या काढ्यानेच दुखणं आत दाबून ठेवलं. भूल देणाऱ्या आमच्या सहकारी डॉक्टर म्हणाल्या, बिनऑपरेशनचा मार्गच चुकीचा. बरं झालं तेव्हा श्रेय काढ्याला मिळालं होतं, उलटलं तेव्हा दोष अँटिबायोटिकला, रुग्णाच्या आळसाला किंवा थेट चीनला. वर्षभरात चारांतल्या एकाचं उलटतं, हा आकडा त्याला पहिल्या दिवशीच सांगितलेला होता. तो त्या एकांत निघाला, बस्स.

काय वेगळं करता आलं असतं

अँटिबायोटिकचा निर्णय आजही तोच घ्यावा असं मला वाटतं. तो उलटल्यामुळे चुकीचा ठरत नाही. उलटलं ते पुण्यात, माणसांत, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. एवढं मात्र करता आलं असतं: सुट्टी ठरलेली होती, तेव्हा त्या काळात ठरवून ऑपरेशन करायचं का, हे आधीच बोलून ठेवता आलं असतं.

काढ्याची वेळ पुढे ढकलायला हवी होती. पहिले ४८ तास पोटाची तपासणी हाच डॉक्टरचा कणा असतो. त्याच काळात मुरडा आणणारं औषध दिलं की तपासणी गढूळ होते, आणि तसंच झालं. घरी जाताना दिला असता तर निदान गोंधळ टळला असता. त्या संध्याकाळी सोनोग्राफी करणारं कोणी नसतं तर त्या तरुण डॉक्टरने कदाचित ऑपरेशनच केलं असतं, आणि पोट उघडल्यावर कालच्याइतकंच सुजलेलं अपेंडिक्स दिसलं असतं.

पाकिटावर घटक आणि मात्रा हव्यात, आणि डिस्चार्ज कार्डावरही. आठ महिन्यांनी भूल देताना 'काही वनौषधी घेता का' हा प्रश्न आला तेव्हा काढा कधीच बंद झालेला होता म्हणून निभावलं. चालू असता, तर रक्त गोठण्यावर परिणाम करू शकणाऱ्या वनस्पती त्यात आहेत का, हे त्या कोऱ्या पाकिटावरून कसं ठरवणार?

नकार देण्याची सोय हाही मुद्दा आहे. खाटेजवळ मॅनेजर उभा असताना परदेशी नोकरदार मुलगा काढा नाकारणार नाही, हे उघड होतं. परिचारिकेने दहा मिनिटं एकांतात विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, असं तो आता सांगतो. आपल्याकडेही सासरची मंडळी खाटेभोवती उभी असताना सूनबाईची संमती घेतली जाते, त्यापेक्षा हे वेगळं नाही.

राहिला प्रश्न पुराव्याचा. तो सुटण्यासारखा आहे. सीटीवर पक्का झालेला, खडा नसलेला साधा अपेंडिसायटिस घ्यायचा. सगळ्यांना अँटिबायोटिक. त्यावर निम्म्यांना खरा काढा, निम्म्यांना दिसायला आणि चवीला तसाच दुसरा. गंमत अशी की नकली काढ्यातही रेचक घालावं लागेल, सोनामुखी चालेल. नाहीतर दुपारपर्यंत कोणाला काय मिळालं ते साऱ्या वॉर्डाला कळेल. मोजायची एकच गोष्ट: वर्षभरात ऑपरेशन झालं की नाही. अँटिबायोटिकवरचे २७ टक्के काढ्याने २० वर येतात का हे ताडून पाहायला नेहमीच्या संख्याशास्त्रीय अटींनुसार दोन्ही गट मिळून सुमारे साडेअकराशे रुग्ण लागतील. अमेरिकेतल्या चाचणीत त्याहून जास्त होते, आणि चीनमधल्या पाच-सहा मोठ्या हॉस्पिटलांनी मनावर घेतलं तर तेवढे रुग्ण मिळवणं अवघड नाही.